एक रोजनिशी आणि एक स्थगित प्रयोग

न्यूयॉर्क शहराच्या ईस्ट व्हिलेज भागात ‘न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉप’ नावाची एक नाट्यसंस्था आहे. आकाराने ती लहान असली तरी तिचा लौकिक धाडसी म्हणून आहे. पुढे ब्रॉडवेवर वर्षानुवर्षे चाललेले ‘रेंट’ हे संगीतक १९९६ साली तिच्याच रंगमंचावर प्रथम उभे राहिले. २००१ च्या सप्टेंबरात जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे कोसळले, आणि त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत टोनी कुशनर यांचे अफगाणिस्तानावरील नाटक करण्याची हिंमतही तिनेच दाखविली. अशा या संस्थेने २००६ च्या फेब्रुवारी महिन्यात एक नाटक पुढे ढकलले. २२ मार्च ही प्रारंभाची तारीख लंडनच्या मंडळींशी बोलून ठरली होती आणि तयारीही सुरू झाली होती. नाटक रद्द केलेले नाही, केवळ स्थगित केले आहे, असा खुलासा संस्थेने केला.

ज्याने सरकारी कचेरीत चार वर्षे काढली आहेत त्याला ‘तूर्त स्थगित’ या शेऱ्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. प्रकरण नामंजूर करावयाचे तर कारण द्यावे लागते, आणि कारण दिले की त्याखाली सही करावी लागते. स्थगितीला यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. म्हणूनच लंडनकरांनी हा खुलासा मान्य केला नाही, आणि एका लहानशा नाट्यगृहाचा अंतर्गत निर्णय पुढे कित्येक महिने दोन्ही खंडांतील वृत्तपत्रांत गाजत राहिला.

नाटकाचे नाव होते ‘माय नेम इज रेचेल कॉरी’. त्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द त्या नावाच्या मुलीने स्वतः लिहिलेला होता. परंतु रंगभूमीसाठी तिने एक ओळही लिहिली नव्हती.

रेचेल कॉरी हिचा जन्म १० एप्रिल १९७९ रोजी अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया या गावी झाला. हे पावसाळी हवेचे, दाट झाडीचे, मध्यमवर्गीय वस्तीचे गाव आहे. लहानपणापासून तिला लिहिण्याचा नाद होता. वह्यांच्या वह्या तिने भरल्या. त्यांत कविता होत्या, स्वप्ने होती, आणि याद्या तर असंख्य होत्या. काय करावयाचे आहे, कोणाला भेटावयाचे आहे, कशाची भीती वाटते, या सर्वांची यादी करावयाची हा तिचा स्वभावच होता. गावातील एव्हरग्रीन महाविद्यालयात ती शिकत होती. मधल्या काळात मनोरुग्णांच्या सेवेचे काम तिने केले. शाळेत असताना एकदा रशियाची सफरही तिला घडली होती, आणि त्या सफरीवरून परतल्यावर आपलेच गाव तिला निराळे दिसू लागले होते. २००३ च्या जानेवारीत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ती ‘इंटरनॅशनल सॉलिडॅरिटी मूव्हमेंट’ या २००१ साली स्थापन झालेल्या संघटनेची कार्यकर्ती म्हणून गाझा पट्टीत गेली.

ती राहावयास गेली ते राफा हे गाव इजिप्तच्या सरहद्दीला लागून आहे. सरहद्दीच्या कडेने एक मोकळा पट्टा तयार करण्यासाठी इस्रायली सैन्य त्या वेळी तेथील घरे पाडीत होते. इजिप्तमधून भुयारांच्या वाटे शस्त्रे येतात आणि घरांच्या आडून गोळीबार होतो, असे सैन्याचे म्हणणे होते. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार चार वर्षांत गाझा पट्टीतील अडीच हजारांहून अधिक घरे जमीनदोस्त झाली. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश एकट्या राफामधील होती, आणि तेथील सोळा हजारांवर माणसे बेघर झाली. दुसऱ्या बाजूचे दुःखही विसरून चालणार नाही. २००० च्या अखेरीस दुसरा उठाव सुरू झाल्यापासून इस्रायलच्या गावांत आत्मघातकी स्फोट होत होते. २००३ च्या ५ मार्च रोजी हैफा शहरातील एका बसमध्ये झालेल्या स्फोटात सतरा माणसे मृत्यू पावली.

त्यानंतर अकराच दिवसांनी, १६ मार्च रोजी, राफा येथे एका औषधविक्रेत्याचे घर पाडले जाईल या शंकेने रेचेल त्या घरासमोर उभी राहिली. तिच्या अंगात दुरून दिसणारे नारिंगी जाकीट होते. सैन्याच्या चिलखती बुलडोझरखाली सापडून ती मरण पावली. चालकाला ती स्पष्ट दिसत होती, असे तिच्या सहकाऱ्यांनी सांगितले. यंत्राच्या उंचीमुळे आणि मातीच्या ढिगामुळे ती दिसलीच नाही, हा अपघात होता, असा निष्कर्ष सैन्याच्या चौकशीने काढला. दोन्ही बाजू आजतागायत आपापल्या म्हणण्यावर ठाम आहेत. चारच दिवसांनी इराकचे युद्ध सुरू झाले आणि अमेरिकन वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर तिच्यासाठी जागा उरली नाही.

परंतु लंडनच्या ‘गार्डियन’ पत्राने मृत्यूनंतर दोनच दिवसांनी, १८ मार्चला, तिने राफाहून आईवडिलांना धाडलेली पत्रे छापली होती. ही पत्रे टपालाची नव्हेत, संगणकावरून पाठविलेली. पण त्यांतील जिव्हाळा जुन्या टपाली पत्रांचाच होता. प्रसिद्ध अभिनेते ॲलन रिकमन यांनी ती वाचली, आणि या पत्रांतून नाटक होऊ शकेल असे त्यांना वाटले. रॉयल कोर्ट या नाट्यगृहाने कॉरी कुटुंबाशी संधान बांधले. मुलीच्या मृत्यूला वर्ष होते न होते तोच तिचे खाजगी लेखन परक्यांच्या हाती द्यावे की नाही, हा प्रश्न त्या आईवडिलांना किती जड गेला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. त्यांनी ते दिले. शंभरावर पानांचा तो मजकूर होता. ‘गार्डियन’च्या तेव्हाच्या एक संपादिका कॅथरिन व्हायनर (२०१५ पासून त्या पत्राच्या मुख्य संपादिका) यांनी रिकमन यांच्यासह त्याची निवड व मांडणी केली. इतरांच्या मुलाखतीही जोडाव्यात असा प्रारंभी विचार होता. तो सोडून देण्यात आला, आणि केवळ तिच्याच शब्दांवर विसंबावयाचे ठरले.

येथे थोडे थांबले पाहिजे. रोजनिशी हा प्रकार रंगभूमीला मुळातच प्रतिकूल आहे. नाटकात एकाचे म्हणणे दुसरा खोडून काढतो आणि त्या संघर्षातून प्रेक्षकाला सत्याचा अंदाज घ्यावा लागतो. रोजनिशीत दुसरा कोणी नसतोच. लिहिणारा स्वतःशी भांडतो तेवढेच भांडण. मग अशा लेखनात नाट्य कोठून यावयाचे? संपादकांनी ते शोधले रेचेलच्या स्वभावातील विसंगतीत. नाटकाचा पडदा राफात उघडत नाही. तो ऑलिंपियातील तिच्या झोपण्याच्या खोलीत उघडतो. खोली पसाऱ्याने भरलेली आहे आणि मुलगी नुकतीच जागी होते आहे. ती धूम्रपान करते, पॅट बेनाटारची गाणी ऐकते, दालीच्या चित्रांवर लुब्ध आहे, एका तरुणावरील फसलेल्या प्रेमाबद्दल स्वतःचीच थट्टा करते, आईवर रागावते आणि पुन्हा तिच्याकडेच धाव घेते. ही मुलगी हुतात्मा होणार आहे असे तिला स्वतःला माहीत नाही; प्रेक्षकाला मात्र पहिल्या क्षणापासून माहीत आहे. सारे नाट्य या अंतरात आहे. सुमारे दीड तासाच्या, मध्यंतर नसलेल्या या प्रयोगाचा बराच भाग गाझात जाण्यापूर्वीच संपतो, आणि याबद्दल काही समीक्षकांनी कुरकुरही केली. मला मात्र तो पूर्वार्धच नाटकाचा कणा वाटतो. त्याच्यावाचून उरते ते केवळ एक प्रचारपत्रक.

शेवटी तिच्या मृत्यूचे वर्णन एका प्रत्यक्षदर्शी सहकाऱ्याच्या शब्दांत येते. आणि त्यानंतर पडद्यावर एक जुनी चित्रफीत दिसते. दहा वर्षांची रेचेल शाळेच्या एका कार्यक्रमात जगातील भुकेविषयी भाषण करीत आहे. त्या वयातील मुली पाठ केलेले भाषण ज्या ठसक्याने म्हणतात त्याच ठसक्याने ती बोलते. नाटककाराने योजलेला हा परिणाम आहे हे ठाऊक असूनही त्यापुढे टीकाकाराचे शहाणपण लटके पडते.

पहिला प्रयोग २००५ च्या एप्रिलमध्ये रॉयल कोर्टच्या माडीवरील, शंभरही आसने नसलेल्या, लहान नाट्यगृहात झाला. दिग्दर्शन रिकमन यांचे होते आणि मेगन डॉड्स या अभिनेत्रीने एकटीने भूमिका वठविली. जागा पुरेना, म्हणून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नाटक खालच्या मोठ्या रंगमंचावर आले. पुढे वेस्ट एंडमधील प्लेहाउसमध्येही गेले. प्रेक्षकांच्या मतांवर दिली जाणारी उत्कृष्ट नवे नाटक, दिग्दर्शन आणि एकपात्री अभिनय यांची पारितोषिके त्याला मिळाली.

आक्षेपही निघाले, आणि ते सर्वच पोकळ नव्हते. स्फोटांत मारल्या गेलेल्या इस्रायली स्त्रियांतही रेचेल नावाच्या अनेक होत्या. त्यांच्यावर नाटक कोण लिहिणार, असा प्रश्न लंडनच्याच एका साप्ताहिकात विचारला गेला. प्रश्न बोचरा होता आणि त्याला सरळ उत्तर नाही. राफातील पोरांसमोर तिने कागदावर काढलेला अमेरिकेचा ध्वज जाळला त्या प्रसंगाचे छायाचित्र तिचे विरोधक वारंवार पुढे करीत. तिच्या पत्रांत इस्रायली नागरिकांच्या भीतीला फारशी जागा नाही, हेही खरे. पण रोजनिशीकडून न्यायालयाच्या निकालपत्राची अपेक्षा करता येईल काय? तेवीस वर्षांची मुलगी जे पाहते ते लिहिते. तिने हैफाची बस पाहिली नाही, राफातील घर पाहिले. संपादकांवर मात्र निराळी जबाबदारी येते, कारण काय गाळावयाचे हे त्यांनी ठरविलेले असते.

हा वाद नवा नाही. ॲन फ्रँकची रोजनिशी प्रथम तिच्या वडिलांनी काटछाट करून छापली, आणि १९५५ साली तिच्यावरील नाटक ब्रॉडवेवर आले तेव्हा मेयर लेव्हिन या लेखकाने मोठा कज्जा मांडला. मुलीचे ज्यू असणे पुसट करून तिला सर्वांना आवडेल अशी करून टाकली, ही त्याची तक्रार होती. त्या नाटकाला पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि लेव्हिन मात्र आयुष्यभर कुढत राहिला. मेलेल्या मुलीच्या शब्दांवर हक्क कोणाचा, या प्रश्नाने तेथे पन्नास वर्षे आधीच घर केले होते.

आता न्यूयॉर्ककडे वळू. संस्थेचे कलादिग्दर्शक जेम्स निकोला यांना नाटक आवडले नव्हते असे नाही. त्यांनीच ते मागविले होते. परंतु २००६ च्या जानेवारीत दोन घटना घडल्या. इस्रायलचे पंतप्रधान एरियल शेरॉन पक्षाघाताने बेशुद्धावस्थेत गेले, आणि पॅलेस्टिनी निवडणुकीत हमासला बहुमत मिळाले. शहरातील ज्यू समाजातील काही मंडळींशी आपण बोललो, वातावरण हळवे झाले आहे असे दिसले, नाटकाभोवती चर्चा व परिसंवाद यांची योग्य चौकट उभी करण्यास अवधी हवा, असे निकोला यांचे म्हणणे होते. रिकमन यांनी यास भीतीपोटी जन्मलेली सेन्सॉरशिप म्हटले. व्हेनेसा रेडग्रेव्ह यांनी निषेध केला. आदल्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळालेले हॅरॉल्ड पिंटर, आणि त्यांच्यासह आणखी काही ज्यू लेखक, यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला पत्र लिहिले. ज्यांच्या भावनांचे रक्षण करावयाचे म्हणून नाटक थांबले त्यांतीलच काहींनी आम्हाला हे रक्षण नको असे सांगावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

लंडनकरांनीही फार ताठ मानेने बोलावे अशी स्थिती नव्हती. याच रॉयल कोर्टने १९८७ साली जिम ॲलन यांचे ‘पर्डिशन’ हे नाटक प्रारंभाच्या अगदी तोंडावर मागे घेतले होते. तोही विषय हंगेरीतील ज्यूंच्या संहाराचा आणि झायनिस्ट पुढाऱ्यांच्या वर्तनाचा होता. आणि रेचेलचे नाटक लंडनला सुरू होण्यापूर्वी चारच महिने, २००४ च्या डिसेंबरात, बर्मिंगहॅम येथे गुरप्रीत कौर भट्टी या शीख लेखिकेचे ‘बेइज्जती’ हे नाटक शीख समाजातील काहींच्या हिंसक निदर्शनांनंतर बंद पडले होते. त्यामानाने न्यूयॉर्कला दगड पडला नाही, काच फुटली नाही. कोणी दाराशीही आले नाही.

मराठी माणसाला या ठिकाणी पुण्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आमच्याकडे नाटकावर घाला घालावयाचा तो सरकारने, अशी जुनी समजूत आहे, आणि तिला आधारही आहे. युवराजांच्या कलकत्ता भेटीवर बंगाली रंगभूमीने प्रहसन केले म्हणून १८७६ साली नाट्यप्रयोगांचा कायदा झाला. त्याच कायद्याखाली १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली. (हा कायदा केंद्र सरकारच्या पुस्तकातून २०१८ सालापर्यंत पुसला गेला नव्हता, हे कायद्याच्या पोथ्या हाताळणाऱ्या मंडळींना सांगावयास नको.) तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंग सेन्सॉरविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. तेथे शत्रू समोर होता, दावा लावता आला. परंतु त्याच १९७२ सालच्या डिसेंबरात रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे काय झाले? सरकारने त्यावर बंदी घातली नाही. नाना फडणविसांच्या चित्रणाने ब्राह्मण समाज दुखावला जाईल म्हणून ज्या संस्थेने ते बसविले त्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशननेच एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबविले. कलावंतांना बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर ॲकॅडमी काढावी लागली, तेव्हा कोठे नाटक पुढे चालले, आणि १९८० साली युरोपपर्यंत गेले. संस्थेविरुद्ध कोणत्या न्यायालयात जावयाचे? आपल्याच माणसांनी, सद्हेतूने, काळजीपोटी घेतलेला निर्णय तो.

मराठी वस्तीपासून दूर राहणाऱ्या आपणा मंडळींना तर ही जात चांगली परिचयाची आहे. गणेशोत्सवासाठी नाटक निवडावयाला समिती बसते आणि एखादे बरे नाटक पुढे आले की कोणीतरी हळूच म्हणतो, ‘उगाच वाद कशाला?’ हा आवाज दुष्ट माणसाचा नसतो. बहुधा मंडळाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या, सर्वांत कष्टाळू सभासदाचाच असतो. निकोला यांच्यावर इंग्रजी पत्रांतून जे ताशेरे झाडले गेले ते वाचताना मला तो सभासद दिसत होता, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर दोनदा त्या समितीत बसून मीही मान डोलावलेली आहे.

न्यूयॉर्कची हकीकत थोडक्यात पुरी करतो. ज्या २२ मार्चला नाटक सुरू व्हावयाचे होते त्याच दिवशी शहरातील रिव्हरसाइड चर्चमध्ये रेचेलच्या लेखनाचे जाहीर वाचन झाले. दुसऱ्या निर्मात्या पुढे आल्या आणि १५ ऑक्टोबर २००६ रोजी मिनेटा लेन थिएटरात नाटकाचा प्रारंभ झाला. सुमारे दोन महिने प्रयोग चालले. परीक्षणे संमिश्र आली. इतका गहजब ज्यासाठी झाला ते नाटक फारच साधे निघाले, असाही एक सूर होता. दंगा झाला नाही.

तथापि लागण पसरली होती. टोरांटो येथील कॅनस्टेज या मोठ्या संस्थेने त्याच वर्षाच्या डिसेंबरात नाटक करण्याचा बेत सोडला. फ्लोरिडातील एका नाट्यगृहाने वर्गणीदारांच्या तक्रारींपुढे २००७ मध्ये जाहीर केलेला प्रयोग मागे घेतला. रेचेलच्या गावाजवळच्या सिॲटल येथे मात्र तेथील रेपर्टरी थिएटरने ते केले, आणि विरोधकांना आपली बाजू कार्यक्रमपत्रिकेतील जाहिरातीतून मांडू दिली. निकोला ज्या चौकटीच्या शोधात होते ती इतकी स्वस्तात मिळण्यासारखी होती! कॅनडात ज्या संस्थांनी हे नाटक उचलले त्यांतील एक माँट्रियलची, ‘तीसरी दुनिया’ या नावाची. आपल्याकडून तिकडे गेलेल्या राहुल वर्मा आणि राणा बोस यांनी ती १९८१ साली स्थापन केली होती. टोरांटोच्या श्रीमंत संस्थेला जे पेलले नाही ते या लहान संस्थेने २००७ च्या अखेरीस करून दाखविले. परमुलखात राहणाऱ्याला जपण्यासारखे थोडेच असते म्हणून तो अधिक भितो, असे आपण समजतो. येथे उलटे झाले.

२००८ साली हे नाटक अरबी भाषेत खुद्द इस्रायलमध्ये, हैफा शहरात, झाले. ज्या शहरातील बसचा वर उल्लेख केला तेच हे शहर. आणि याच शहरातील जिल्हा न्यायालयात रेचेलच्या आईवडिलांनी २००५ मध्ये इस्रायल सरकारवर दिवाणी दावा दाखल केला होता. नुकसानभरपाई म्हणून त्यांनी एक डॉलर मागितला होता. सुनावणी २०१० च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि २८ ऑगस्ट २०१२ रोजी न्यायाधीशांनी दावा फेटाळला. मृत्यू हा अपघात होता, आणि तो युद्धप्रसंगी झाल्यामुळे सरकारवर त्याचे दायित्व येत नाही, असा तो निकाल होता. २०१५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही अपील नामंजूर केले. येथे मात्र स्थगिती नव्हती. कारणे दिलेली होती आणि त्याखाली सही होती.

रिकमन २०१६ च्या जानेवारीत निवर्तले. पुढच्या वर्षी लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहाने नव्या दिग्दर्शकाकडून, एरिन डोहर्टी या तेव्हा फारशी कोणाला ठाऊक नसलेल्या अभिनेत्रीला घेऊन, नाटक पुन्हा बसविले. रेचेल जिवंत असती तर त्या वेळी अडतीस वर्षांची असती. रंगमंचावरची मुलगी अजून तेविशीतच होती आणि पसाऱ्याने भरलेल्या खोलीत नुकतीच जागी होत होती.